सत्तेचाळिसाव्या धड्यातली जाहिरात

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला शिंप्याच्या बहिणीने शाळेच्या ऑफिसात येऊन टेबलावर पावडरीचा डबा ठेवला आणि म्हणाली, "माझ्या भावाला तुमच्या बाईंनी मारलं."

सेक्रेटरींनी आधी तो डबा फाइलींपासून लांब सरकवला. मग मला बोलवायला शिपायाला ग्रंथालयात पिटाळलं. बाईंना ऐकू येत नाही, आणि सेक्रेटरींची खुणांची भाषा बारा वर्षांत 'या', 'बसा' आणि 'उद्या' यापलीकडे गेलेली नाही. त्यामुळे अशा वेळी मध्ये उभं राहायला मी लागतो. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या तळहातांना घाम फुटतो, आणि हातांनीच बोलायचं असलं की तो सगळ्यांना दिसतो.

आमच्या शाळेत माणसांची नावं हातांनीच ठेवली जातात. हनुवटीवरच्या तिळाला बोट लावलं की बाई. गळ्याशी गाठ आवळली की सेक्रेटरी, कारण ते भर उन्हाळ्यातही टाय सोडत नाहीत. नाकावरून बोट वर सरकवलं की चष्मा, म्हणजे मी. आणि दोन्ही खांद्यांवरून मोजपट्टी सोडल्यासारखे हात सोडले की टेप. तो शिंपी. तो शाळेत कधी गेला नव्हता. त्याला वाचता येत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. जगातलं जे काही त्याला कळलं, ते रविवारी शाळेत जमणाऱ्या मंडळींकडून, नाहीतर बाईंच्या व्हिडिओंतून.

बाईंनी असे दोनशे सहा धडे केले आहेत. बँकेत खातं कसं उघडायचं, ताप कसा मोजायचा, पोलिसांनी अडवलं तर काय दाखवायचं. सगळे हातांनी, एका पांढऱ्या भिंतीसमोर. सत्तेचाळिसावा धडा साखरेच्या आजारातल्या इन्शुलिनच्या सुईचा.

"त्याने सुया केराच्या डब्यात टाकल्या," बहीण सांगत होती आणि मी हातांनी बाईंना सांगत होतो. "रिळांच्या मागे हा डबा लपवला. मी भांडले, तर मोबाइल पुढे केला. म्हणे, बाईंनीच सांगितलंय. बारा दिवसांत गेला माझा भाऊ."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "मी असं कधीच सांगितलेलं नाही."

बहिणीने भावाचा मोबाइल काढला आणि आवाज बंद करून धडा लावला. बाई सुई कशी धरायची ते दाखवत होत्या. मग चित्र बदललं. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा कोट घातलेला एक माणूस आला. त्याने सुई केराच्या टोपलीत टाकली, चमचाभर पावडर पाण्यात ढवळली, प्यायला, हसला आणि अंगठा वर केला. मग पुन्हा बाई. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलं होतं. वाचता येणाऱ्यासाठी.

ऐकणाऱ्या माणसाला जाहिरात आवाज बदलल्याबरोबर कळते. टेपला ते कसं कळावं? त्याच्या दृष्टीने धडा चालूच होता.

बहीण गेल्यावर बाईंनी माझी बाही धरली. "औषधपाण्याच्या एकाही धड्यावर जाहिरात नाही. मी स्वतः बंद केल्या होत्या. कुणी चालू केल्या, ते शोधून द्या. रविवारी मंडळी जमतील तेव्हा मला उत्तर द्यायचंय. नाही दिलं, तर दोनशे सहाच्या दोनशे सहा धडे पुसायला लावतील."

"मी?" मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हरवलेली पुस्तकं तुम्हीच शोधता ना?"

हरवलेलं पुस्तक बहुतेक वेळा शेजारच्याच कप्प्यात असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

२

धडे चित्रित करतो आणि व्हिडिओंच्या साइटवर, बाईंच्या चॅनलवर चढवतो तो कुरळ्या. शाळेचाच माजी विद्यार्थी, जन्मापासून बहिरा, हात इतके जलद की मला दर दोन वाक्यांनी "थांब" म्हणावं लागतं. चॅनलचा पासवर्ड तिघांकडे होता: बाई, कुरळ्या, सेक्रेटरी. म्हणून मी कुरळ्यापासून सुरुवात केली.

"तू चालू केल्यास का?"

"चोर विचारून सापडतो का, चष्मा?" तो हसला. मग हसू मावळलं. "टेपने माझ्या लग्नाचा कोट शिवला होता. मी कशाला चालू करू?"

त्याने संगणकावर चॅनलची आतली बाजू उघडली. प्रत्येक धड्यापुढे एक खटका होता. बँकेच्या धड्यापुढे हिरवा: जाहिराती चालू. सत्तेचाळिसाव्यापुढे करडा: बंद. धडा चढवला त्या दिवसापासून त्याला कुणीही हात लावलेला नव्हता. तशी नोंदच होती तिथे.

"म्हणजे कुणी चालू केल्याच नाहीत?"

"नाही."

"आणि तरी लागतात?"

कुरळ्याने हात हवेत सोडून दिले.

हे मला चमत्कारिक वाटलं. कुलूप लावलेलं आहे, किल्ली फिरलेली नाही, आणि घरात माणूस बसलाय! मी आणखी विचारलं, काय विचारावं ते न सुचल्यामुळेच खरं तर, की या धड्याची कमाई किती दिसते. त्याने दाखवलं. बँकेच्या धड्याला थोडीफार होती. सत्तेचाळिसाव्याला शून्य.

"साइटच्या कंपनीकडून काही पत्रबित्र?"

तो जरा ओशाळला. धडा चढवल्यानंतर चार दिवसांनी एक मेल आला होता: 'तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचा भाग आढळला आहे. दोन मिनिटं दहा सेकंदांपासून चार मिनिटं पन्नास सेकंदांपर्यंत. तुमच्या चॅनलला धोका नाही. तुम्हाला काहीही करण्याची गरज नाही.' खाली मालक म्हणून कुठल्याशा कंपनीचं नाव.

"काही करायची गरज नाही म्हणाले," कुरळ्याच्या बोटांचा वेग पहिल्यांदाच मंदावला. "मी काही केलं नाही."

३

दुसऱ्याच्या मालकीचा भाग म्हटल्यावर माझ्या डोक्यात पुस्तकच आलं. धड्यात बाईंनी पोटाचं आणि मांडीचं एक चित्र दाखवलं होतं, सुई कुठे टोचायची त्याचं. ते नक्की आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकातलं असणार आणि ती कंपनी म्हणजे प्रकाशक. अख्खा बुधवार मी पुस्तकांची पहिली पानं उलटण्यात घालवला. त्या नावाचा प्रकाशक कुठेच नव्हता. संध्याकाळी लक्षात आलं की ते चित्र तर पहिल्याच मिनिटाला येऊन जातं. दोन मिनिटं दहा सेकंदांनंतर पडद्यावर बाईंचे हात आणि भिंत याखेरीज काहीही नाही. एक दिवस फुकट गेला. हे मला पहिल्या तासात कळायला हवं होतं.

गुरुवारी दुपारी सेक्रेटरी स्वतःच ग्रंथालयात आले. मी जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत होतो. त्यांनी माझ्या टेबलावरचा रेडिओ बारीक केला आणि समोरची खुर्ची ओढली.

"काय काका, ऐकतोय की तुम्ही गुप्तहेर झालात. माझ्यावर संशय आहे म्हणे?"

"संशय असा नाही..."

"असू द्या हो. चोराच्या मनात चांदणं, पण माझ्या मनात लख्ख ऊन आहे. मी शंभरदा म्हणालो होतो की सगळ्याच धड्यांवर जाहिराती लावा, शाळेला नवा कॅमेरा येईल. बाईंनी ऐकलं नाही."

"ऐकलं नाही" म्हणून तेच हसले, आणि मी हसलो नाही तेव्हा त्यांनी टायची गाठ नीट केली.

"मग तुम्ही लावल्यात का?"

"लावल्या असत्या तर पैसे शाळेला आले असते. आले का?"

तिथेच माझ्या डोक्यातला एक दिवा लागला, मिणमिणता. सेक्रेटरींनी बढाईच्या भरात स्वतःला सोडवून घेतलं होतं. तिघांपैकी कुणीही जाहिरात लावली असती तरी पैसे चॅनलच्याच खात्यात आले असते. आले नाहीत. म्हणजे लावणारा चौथा. आणि त्याला पासवर्डची गरजच पडली नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशातला प्रकार. पण कुत्रं जात्यापर्यंत पोचलं कसं?

ज्याचा 'भाग' धड्यात होता, त्याच मालकाने जाहिरात लावली असणार. पण हात बाईंचे, भिंत शाळेची, भाषा सगळ्या बहिऱ्यांची. मग त्या अडीच-पावणेतीन मिनिटांत दुसऱ्याच्या मालकीचं होतं तरी काय?

सेक्रेटरी उठले. दारात वळून म्हणाले, "रविवारी चॅनल बंद झालं तर कॅमेरा मी वार्षिक संमेलनासाठी घेणार हं. आत्ताच सांगून ठेवतो."

४

शुक्रवारी मी शिंप्याच्या दुकानात गेलो. एका माणसाच्या रुंदीचं दुकान, दोन मशिनं. एकावर कापड झाकलेलं. दुसऱ्यावर बहीण काज करत होती. ती भावाच्या शेजारी बसून तीस वर्षं काज-बटणंच करत आलेली.

"बसा काका. त्या स्टुलावर नको, त्याचं होतं ते."

मी उभाच राहिलो. विचारायचं काय, ते वाटेत पाठ केलं होतं आणि दारात विसरलो. शेवटी म्हणालो, "तो धडा त्याने किती वेळा पाहिला असेल?"

"किती वेळा? अहो, रोज! सुई घ्यायच्या आधी लावायचा. हात धुवायचा आणि लावायचा, पूजेला बसल्यासारखा." तिने दोरा दातांनी तोडला. "आणि मोबाइलचा आवाज अख्खा! त्याला काय कळणार. शेजारचा घड्याळवाला ओरडायचा, तुझ्या भावाला म्हणावं तेच ते गाणं किती ऐकवतोस."

"कसलं गाणं?"

"त्याच व्हिडिओतलं. आता तुमच्या बाईंनी घातलं असेल ना पाठीमागून. मला तर शब्द पाठ झालेत."

मी धडा निदान वीस वेळा पाहिला होता. एकदाही आवाज लावून नाही. आमच्या शाळेत मोबाइलचा आवाज कुणी लावत नाही. चार माणसं हातांनी बोलत असताना तसं करणं मला उर्मटपणाचं वाटतं. कुरळ्याला ऐकू येत नाही. बाईंना ऐकू येत नाही. त्या धड्याला कान लावणारी माणसं जगात दोनच होती, ही बहीण आणि तो घड्याळवाला.

आणि तिसरं, साइटच्या कंपनीचं यंत्र.

"ताई, जरा मोबाइल देता?"

तिने दिला. मी आवाज पूर्ण वाढवून धडा लावला. आधी पंख्याची घरघर. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग दोन मिनिटं दहा सेकंदांना भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं, लांबून, पण स्पष्ट. जुनं गाणं. बाईंचे हात त्या तालाशी काहीही संबंध नसल्यासारखे, शांतपणे, सुईचं टोपण काढत होते. चार मिनिटं पन्नास सेकंदांना गाणं संपलं. निवेदिकेने वेळ सांगितली, अडीच वाजले होते.

मग कुणीतरी खोकलं, आणि तेच गाणं चुकीच्या सुरात गुणगुणायला लागलं.

तो खोकला मी एकाहत्तर वर्षं ओळखतो.

"काय झालं काका?" बहीण म्हणाली. "बसा, त्या स्टुलावर बसा."

५

शनिवारी दुपारी मी बाईंना आणि कुरळ्याला चित्रीकरणाच्या खोलीत बोलावलं. ही खोली आणि ग्रंथालय यांच्यामध्ये फळ्यांचं पार्टिशन आहे, छतापर्यंत न पोचणारं. गुरुवारी दुपारी ग्रंथालयात मुलं नसतात, म्हणून चित्रीकरण गुरुवारी. आणि मुलं नसतात म्हणून मीही रेडिओ मोठ्याने लावतो. घरी सुनेचं डोकं दुखतं. इथे कुणाला त्रास होत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

मी क्रमाने सांगितलं. खटका बंदच होता. पैसे शाळेला आले नाहीत. मालकीचा भाग दिसत नव्हता, कारण तो दिसण्यातला नव्हताच. साइटच्या कंपनीचं यंत्र प्रत्येक व्हिडिओ ऐकतं. त्याने गाणं ओळखलं आणि गाण्याच्या मालकाला कळवलं. मालकाने बहुधा धडा पाहिलाही नसेल. कधीतरी एकदाच खूण करून ठेवली असेल की आमचं गाणं असेल तिथे जाहिरात दाखवा. त्या क्षणापासून बाईंच्या खटक्याला अर्थ उरला नाही.

"आणि पावडर? ती मालकाने निवडली?" बाईंनी विचारलं.

"नाही. ती यंत्राने निवडली. बघणारा साखरेच्या आजाराचं बघतोय, तर साखरेचं काहीतरी दाखव." मला पुढचं सांगवेना, पण हात थांबले नाहीत. "त्याला गाणं कळलं. टेपचा आजार कळला. टेप बहिरा आहे, एवढंच कळलं नाही."

बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"खोली माझी. हात माझे. शिकवणं माझं," त्या म्हणाल्या. "आणि मधे कोण बोलणार, ते ठरवायला मी कुणीच नाही?"

"बँकेच्या धड्यावर थोडं ठरवता येतं," कुरळ्या म्हणाला. "दारूची नको, जुगाराची नको, असं सांगता येतं. पण गाणं सापडलं की तो धडा आपला राहत नाही." त्याने मेलखालचं एक बटण दाखवलं: 'हा आवाज काढून टाका.' त्याने दाबलं. पाच मिनिटांत सत्तेचाळिसावा धडा मुका झाला आणि मालकीचा दावा निघून गेला.

पाच मिनिटांचं काम. दीड वर्ष ते बटण तिथे होतं.

"असे मेल आणखी आलेत?" बाईंनी विचारलं.

कुरळ्याने यादी उघडली. आमच्यापैकी कुणालाच ती मोजायची नव्हती. पण मी ग्रंथपाल आहे, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. एकतीस. फिट आल्यावर काय करायचं. गरोदरपणातल्या गोळ्या. लहान बाळाच्या डोळ्यांत कुठलं औषध घालायचं नाही. सगळे गुरुवारचे.

त्यांच्या मधे काय काय लागलं असेल आणि ते कुणी कुणी खरं मानलं असेल, ते कळायला काहीच मार्ग नव्हता.

मी बाईंना म्हणालो, "रेडिओ माझा होता." मघापासून सगळं सांगताना मी 'कुणाचा तरी रेडिओ' असंच म्हणत आलो होतो.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "या फळ्यांपलीकडे दुसरं ऐकणारं बसतं कोण?"

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते त्यांच्या हातांवरून कळलं नाही.

६

रविवारी सभागृहात सत्तरएक माणसं जमली. खुर्च्या अर्धगोलात, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. शिंप्याची बहीण शेवटच्या रांगेत, खुर्च्यांवरच्यांत ऐकू येणारी ती एकटी. सेक्रेटरी दाराशी.

बाईंनी सांगायची तयारी केली होती, पण मी पुढे गेलो. मी आयुष्यात कधी पुढे गेलेलो नाही. सगळं हातांनी सांगितलं आणि बहिणीसाठी तोंडानेही, त्यामुळे दोन्ही अडखळत झालं. बाईंनी टेपला फसवलेलं नाही. कुरळ्याने चूक केली, पण त्याला तसंच सांगण्यात आलं होतं. गाणं माझ्या रेडिओवरचं.

शेवटच्या रांगेतून बहीण उभी राहिली. "काका, म्हणजे शिक्षा कुणाला करायची?"

मी म्हणालो, "मला करा."

"तुम्हाला करून काय करू?" ती चिडूनही म्हणाली नाही. "पावडरवाला?"

"त्याच्या डब्यावर पत्ता नाही. साइटवरचं त्याचं नाव कालच बदललंय."

"गाणंवाला?"

"त्याला माहीतही नसेल."

"मग यंत्र?"

ती खाली बसली. तिचं विचारून झालं होतं.

मग एक म्हातारा सुतार पुढे आला. तो म्हणाला, "तीळबाई खोटं बोलत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण पडद्यावर बाई कुठे संपतात आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते मला कळत नाही. टेपलाही कळलं नाही. जिथे बाईंनाच बाईंच्या धड्यावर हुकूम नाही, तिथून आम्ही शिकायचं कसं? यापुढे रविवारी इथे या, समोर उभ्या राहा, शिकवा. पडद्यावरचं सगळं पुसा."

कुरळ्या तडक उभा राहिला. "गाणी काढता येतात! मी एकेक काढतो, महिनाभरात..."

"आणि पुढच्या वेळी गाणं नसेल, दुसरं काही असेल," सुतार म्हणाला. "आणि तेही आपल्याला ऐकू येणार नाही."

सुताराने मत घ्यायला सांगितलं.

मत हात वर करून घेतात. एक एक करत हात वर गेले. मी मोजले: त्रेसष्ट. कुरळ्याचा गेला नाही. बहिणीने मांडीवरचे हात हलवले नाहीत. बाईंनी सगळ्यांत शेवटी, खाली बघत, हात वर केला. कुरळ्याने तिथेच, उभ्याने, संगणक उघडला. साइटने दोनदा विचारलं की नक्की ना. त्याने दोन्ही वेळा बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी दोन्ही वेळा होकाराची मान हलवली. धडे पुसले गेले.

तेवढ्यात माझ्या मनात आलं, आणि नेहमीप्रमाणे उशिराच आलं, की इथे जमलेली माणसं सत्तर आहेत, पण धडे बघणारे अकरा हजार होते. लांबच्या कुठल्याशा गावात एखादा बहिरा माणूस उद्या सकाळी हात धुऊन मोबाइल उघडेल. बाई सापडल्या नाहीत की तो शोधेल. आणि शोधल्यावर त्याला पांढऱ्या कोटातला माणूस सापडेल, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांशिवाय, कारण आता ती जाहिरात नसेल, अख्खा व्हिडिओच त्याचा असेल. निदान एक सूचना ठेवू या, निदान त्यांना सांगू या की सुई थांबवू नका. थांबा.

मी ते सगळं हातांनी सांगायला लागलो. पण लोक उठले होते. खुर्च्या एकावर एक रचल्या जात होत्या, पाठी वळल्या होत्या, बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. ऐकणाऱ्या माणसाला पाठमोरा असतानाही हाक मारता येते. बहिऱ्या माणसाने नजर काढून घेतली की आपलं बोलणं तिथेच संपतं.

माझे हात बराच वेळ बोलत होते. बघत कुणी नव्हतं.